मेलचं कुलूप अडकतं तेव्हा

व्हिडिओत मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं होतं, इथे तेच शब्दांत सांगायचं आहे. त्यामुळे थोडं सावकाश जाऊ.

गेल्या वर्षी पावसाळ्यात इंदूरहून वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या कोर्समेटच्या पत्नी. त्याला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. "भावजी, यांचे जुने मेल दिसतात, पण आत काहीच नाही. भाच्यानं नवीन लॅपटॉपवर सगळं आणून दिलंय, तरी उघडत नाही." विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अपिलासाठी त्याच्या मेडिकल बोर्डाचे कागद हवे होते. मूळ प्रती घर बदलताना गहाळ झालेल्या. स्कॅन केलेल्या प्रती त्याने वकिलांना मेलने पाठवल्या होत्या, कुलूपबंद करून. वकिलांनीही मधल्या काळात संगणक बदलला होता, त्यांच्याकडेही ते मेल उघडत नव्हते. हाताशी सहा आठवडे होते.

आणि ही कुलपाची सवय त्याला मीच लावली होती. आम्ही आठ कोर्समेट, आठ गावांत. पीपीओ, पॅन, मेडिकलचे रिपोर्ट असे कागद एकमेकांना पाठवायचो. उघड्या मेलने असले कागद पाठवू नका, असं मीच सगळ्यांच्या मागे लागलो होतो. मी पायदळातला, सिग्नल्सचा नव्हे. जे शिकलो ते निवृत्तीनंतर, वाचून आणि चुकून.

आधी कुलूप कसं चालतं ते पाहू. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात, असं पुस्तकात लिहितात. मला वेगळं चित्र सोपं वाटतं. तुम्ही तुमची उघडी कुलपं जगाला वाटता. ज्याला तुम्हाला मेल पाठवायचा, तो तुमचं कुलूप घेऊन पेटीला लावतो आणि दाबून बंद करतो. उघडायची किल्ली फक्त तुमच्या कमरेला. वाटायचं कुलूप म्हणजे सार्वजनिक किल्ली, कमरेची ती खाजगी किल्ली, आणि त्या खाजगी किल्लीवर आणखी एक परवलीचं वाक्य असतं, त्याला पासफ्रेज म्हणतात. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी नावाने ही सोय सामान्य माणसाच्या संगणकावर आणली. पुढे त्यावरून ओपनपीजीपी हे खुलं मानक ठरलं, आणि वेर्नर कोख यांचं जीएनयूपीजी हे मोफत सॉफ्टवेअर 1999 मध्ये पक्क्या स्वरूपात आलं. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमला एनिग्मेल नावाची जोड बसवली की ती मागच्या मागे या जीएनयूपीजीला हाका मारायची. आमची आठ जणांची सगळी व्यवस्था यावरच उभी होती.

फौजेत एलएमजी शिकवताना एक धडा असतो, 'रोकें और फौरी इलाज'. गन अडकली की विचार करत बसायचं नाही, ठरलेल्या क्रमाने हात चालवायचे. मेलच्या कुलपालाही मी तसाच क्रम लावतो. पहिला प्रश्न नेहमी एकच: किल्ली आहे कुठे? माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

2020 मध्ये थंडरबर्डची 78 ही आवृत्ती आली आणि एनिग्मेल बंद पडलं. कुलपाची सोय थंडरबर्डच्या पोटातच आली. चांगलंच झालं, एक जोड कमी. पण यात एक मेख आहे. नवा थंडरबर्ड जीएनयूपीजीच्या किल्ल्या वापरत नाही, तो आपल्या किल्ल्या स्वतःच्या प्रोफाइल फोल्डरात ठेवतो. म्हणजे एकाच संगणकावर दोन जुडगे झाले. जीएनयूपीजीच्या जुडग्यात तुमची किल्ली व्यवस्थित दिसते आणि थंडरबर्ड म्हणतो, हा मेल उघडायला लागणारी गुप्त किल्ली उपलब्ध नाही. दोघंही खरं बोलत असतात. जुन्या जुडग्यातून किल्ली फाइल करून बाहेर काढायची आणि थंडरबर्डच्या ओपनपीजीपी किल्ली व्यवस्थापकात आत घ्यायची, एवढाच इलाज. फक्त बाहेर काढताना खाजगी किल्ली निघाली आहे ना, ते पाहा. घाईत लोक सार्वजनिक किल्ली नेतात आणि मग तासभर डोकं धरून बसतात. मीही बसलो आहे.

वहिनींच्या भाच्याने नेमकं काय केलं होतं? जुन्या विंडोजवरचे मेल नवीन मॅकवर आणले. मुलगा हुशार, एकही मेल गाळला नाही. पण जीएनयूपीजीचा फोल्डर वेगळीकडे असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पेट्या आल्या, जुडगा जुन्या घरीच राहिला.

तो जुडगा कुठे सापडतो ते सांगतो. विंडोजवर ॲपडेटा नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यात रोमिंग, आणि त्यात जीएनयूपीजी. शोधत बसू नका. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकत्र दाबा, टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करा, थेट तिथे पोचाल. लिनक्स आणि मॅकवर हाच फोल्डर तुमच्या होम फोल्डरात असतो, पण नावाआधी टिंब असल्यामुळे दिसत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबा. लिनक्सच्या बहुतेक फाइल खिडक्यांत कंट्रोल आणि एच.

लिनक्सवाल्यांसाठी दोन जास्तीच्या गोष्टी. फोल्डर पेनड्राइव्हवरून किंवा ॲडमिनचे अधिकार वापरून कॉपी केला, तर त्याची मालकी आणि परवानग्या बिघडतात. मग किल्ली डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रॅम तिला हात लावू शकत नाही. फोल्डर तुमच्या नावावर हवा आणि इतर कुणालाही वाचता येता कामा नये. दुसरी गोष्ट, हल्ली उबुंटूवर थंडरबर्ड स्नॅप या बंदिस्त प्रकारात येतो. त्याचं प्रोफाइल जुन्या जागी नसतं, आणि स्मार्टकार्डासाठी बाहेरच्या जीएनयूपीजीला हाक मारायची तर भिंत आड येते. स्मार्टकार्ड वापरत नसाल तर त्याची काळजी नको.

मॅकवर ॲपलचा स्वतःचा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना वेगळा त्रास आहे. तिथे कुलपाची सोय प्लगइनने येत असे, आणि 2023 च्या सोनोमा आवृत्तीपासून ॲपलने जुन्या पद्धतीचे प्लगइनच बंद केले. प्रणाली अपडेट केली आणि दुसऱ्या दिवशी कुलूप गायब, असं झालं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. नव्या पद्धतीचं एक्स्टेन्शन घ्या, नाहीतर थंडरबर्डकडे या. विंडोजवर नव्या आउटलुकची कथा तशीच आहे. जीपीजी-फॉर-विन सोबत येणारी जुन्या प्रकारची जोड नव्या आउटलुकमध्ये चालतच नाही, तिला जुनं, क्लासिक आउटलुक लागतं. तुम्ही ती दहा वेळा काढून दहा वेळा टाका, फरक पडणार नाही.

किल्ली जागेवर आहे, तरी अडतंय? मग घड्याळ पाहा. आमच्यातल्या एकाच्या जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची चपटी बॅटरी संपली होती. संगणक सुरू केला की तारीख कित्येक वर्षं मागे जायची. सॉफ्टवेअर बिचारं म्हणे, ही किल्ली भविष्यात तयार झालेली आहे, मी वापरणार नाही. त्याने दोनदा सगळं पुसून नव्याने टाकलं. शेवटी रोग निघाला कोपऱ्यावर मिळणाऱ्या बॅटरीचा.

कॅलेंडरचाच दुसरा प्रकार म्हणजे मुदत. किल्लीला मुदत घातलेली असते. ती संपली की लोक तुम्हाला कुलूपबंद मेल पाठवू शकत नाहीत. पण लक्षात ठेवा, मुदत संपलेल्या किल्लीनेही जुने मेल उघडतात. ती फेकू नका. मुदत वाढवता येते, फक्त वाढवल्यावर सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पुन्हा पाठवावी लागते. ही पुन्हा पाठवायची पायरी आमच्यातले निम्मे विसरले, आणि विसरल्यावर दोष मला दिला.

मधला टपालवालाही कधी पेटीशी खेळतो. एखादा अँटिव्हायरस जाणाऱ्या मेलखाली "हा मेल तपासला आहे" अशी ओळ चिकटवतो, आणि सही खोटी ठरते. काही ऑफिसांचे मेल सर्व्हर कुलूपबंद मेलची बांधणी बदलून टाकतात, मग तो मेल नुसत्या दोन अटॅचमेंट होऊन पडतो. थंडरबर्ड अशा वेळी वर एक पट्टी दाखवून मेल दुरुस्त करू का, असं विचारतो. पट्टी वाचा, बंद करू नका.

आता पुन्हा इंदूर. जुना लॅपटॉप बंद पडला होता, पण नशिबाने भंगारात गेला नव्हता. त्याची हार्डडिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, आणि मी ती माझ्या लिनक्स संगणकाला जोडली. फोल्डर जागेवर होता. पासफ्रेजही होती. बँकेच्या कागदांसोबत एका लिफाफ्यात, त्याच्या वळणदार मराठी अक्षरात. त्यात 'दऱ्याखोऱ्या' असा शब्द होता. मी टाइप केलं, चूक. पुन्हा, चूक. शब्द समोर, अक्षर ओळखीचं, आणि कुलूप ढिम्म. वहिनी फोनवर होत्या. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना.

दोन दिवसांनी प्रकाश पडला. आपला हा जो 'ऱ्य' आहे, रफाराचा नव्हे, आडव्या रेघेचा, तो संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्यासाठी नुक्त्याचा ऱ हे वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त देऊन य लिहायचा. काही फोनेटिक कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तेच रूप उभं करतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पासफ्रेज तपासणाऱ्या यंत्राला ते दोन निराळे शब्द आहेत. मी फोनेटिकवाला. तो मात्र नोकरीत असताना इनस्क्रिप्ट शिकलेला, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. मी कीबोर्ड इनस्क्रिप्टवर आणला, ऱ शोधायला मला पाच मिनिटं लागली, आणि किल्ली फिरली.

तुमची पासफ्रेज देवनागरीत असेल तर ती कुठल्या कीबोर्डने टाइप केली तेही कागदावर लिहून ठेवा. सुऱ्या, वाऱ्यावर, बिचाऱ्या असले शब्द तर टाळाच. पासफ्रेज टाइप करताना ठिपक्यांखाली काय उमटतंय ते दिसत नाही, म्हणून शंका आली तर आधी साध्या नोटपॅडवर टाइप करून पाहा, आणि काम झालं की ते न साठवता बंद करा.

वकिलांना पाठवलेले ते मेल उघडले याचं आणखी एक कारण होतं. त्याने 'स्वतःसाठीही कुलूपबंद करा' हा पर्याय चालू ठेवला होता. तो बंद असता तर पाठवलेल्या मेलची प्रत फक्त वकिलांच्याच किल्लीने उघडली असती, आणि त्याची किल्ली सापडूनही आम्ही कोरडेच राहिलो असतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हा पर्याय आजच पाहून घ्या.

एकोणीस पानं निघाली. ती मी छापून स्पीड पोस्टने पाठवली, आणि मुदतीच्या नऊ दिवस आधी अपील दाखल झालं. निकाल अजून यायचा आहे.

आम्ही आता सात जण उरलो आहोत. प्रत्येकाने खाजगी किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर काढून, पासफ्रेज, कीबोर्डचं नाव आणि दोन ओळींच्या सूचनांसह लिफाफ्यात घालून घरात एका माणसाला दाखवून ठेवायची, असं ठरलं. सहा लिफाफे झाले. बेळगावच्या आमच्या साहेबांचा अजून व्हायचा आहे. रविवारी फोन केला तर म्हणाले, "बायकोला दाखवलं तर ती माझे सगळे मेल वाचेल." मी पुढच्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे.