राजाच्या मर्जीतला ड्यूक

ट्यूडर काळातल्या इंग्लंडमध्ये उमरावाचे वजन घराण्यावर आणि राजाच्या मर्जीवर ठरत असे. चार्ल्स ब्रँडनकडे घराण्याचे म्हणावे असे वैभव नव्हते. तरीही सफोकचा ड्यूक म्हणून तो आठव्या हेन्रीच्या दरबारात तीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

त्याचे वडील विल्यम ब्रँडन २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरचे निशाण सांभाळत होते. तिथे राजा तिसऱ्या रिचर्डच्या हातून ते पडले. लढाई जिंकून हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून गादीवर आला आणि ब्रँडन कुटुंबाचे त्याग राजघराण्याच्या लक्षात राहिले. चार्ल्सचे काका थॉमस ब्रँडन राजाच्या अश्वशाळेचे प्रमुख झाले. त्यांच्यामुळे पुतण्याला दरबाराची दारे उघडली.

या दारांनाही क्रम होता. राजवाड्यातल्या दालनांची रांग बाहेरून आत जाई आणि प्रत्येक उंबरठ्यावर माणसे गाळली जात. पहारेकऱ्यांच्या दालनापर्यंत बऱ्याच जणांना जाता येई, सिंहासनाच्या दालनात त्याहून कमी लोक पोहोचत. त्यापलीकडच्या खासगी दालनांत, म्हणजे प्रिव्ही चेंबरमध्ये, राजाने निवडलेली मोजकी माणसे असत. राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा सेवक या सर्वांत मानाचा समजला जाई, कारण तो राजाला एकांतात भेटू शके. जमीन, पद, पालकत्वाचे हक्क, नातलगाला माफी अशी कोणतीही गोष्ट मागायची तर राजाच्या कानाशी लागावे लागे. म्हणूनच मोठमोठे जमीनदार आपल्या जहागिरी सोडून ग्रिनिच, एल्टम किंवा हॅम्पटन कोर्टला मुक्काम ठोकत. पोशाख, घोडे आणि नववर्षाला राजाला द्यायच्या भेटी यांत त्यांचा अफाट पैसा जाई.

ब्रँडनची वाट खेळाच्या मैदानातून गेली. १५०९ मध्ये आठवा हेन्री राजा झाला तेव्हा तो अठरा वर्षांचाही नव्हता. घोड्यावरून भाल्यांची झुंज खेळण्याचे त्याला वेड होते आणि धिप्पाड ब्रँडन त्याच्या तोडीचा गडी होता. १५१२ मध्ये ब्रँडन अश्वशाळेचा प्रमुख झाला, तर फेब्रुवारी १५१४ मध्ये सफोकचा ड्यूक. जुन्या घराण्यांना ही बढती झोंबली नसती तरच नवल.

पुढच्याच वर्षी त्याने जीव पणाला लावला. राजाची धाकटी बहीण मेरी हिचे लग्न ऑक्टोबर १५१४ मध्ये फ्रान्सच्या बाराव्या लुईशी झाले होते. ती अठरा वर्षांची, तो पन्नाशी ओलांडलेला. १ जानेवारी १५१५ रोजी लुई वारला आणि तिला परत आणायला हेन्रीने ब्रँडनला पाठवले. दोघांनी पॅरिसमध्येच गुपचूप लग्न केले. राजाच्या परवानगीविना राजकन्येशी विवाह हा राजद्रोह ठरू शकला असता. राजाचा सल्लागार वुल्झी याने मध्यस्थी केली आणि २४,००० पौंडांच्या दंडावर प्रकरण निभावले. तो वर्षाला १,००० पौंडांच्या हप्त्यांनी फेडायचा होता. मेरीचे उत्पन्न फ्रान्समधून येई, त्यामुळे फ्रान्सशी युद्ध पेटले की हप्ते थकत. राजाने त्याला माफ केले, पण कर्जात बांधूनही ठेवले. ब्रँडनच्या आज्ञाधारकपणामागचे एक मोठे कारण याच हिशेबात सापडते.

याउलट उदाहरण बकिंगमचा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड याचे. त्याच्या अंगात राजवंशाचे रक्त होते, अफाट जमिनी होत्या, आणि नेमके हेच हेन्रीला खुपत होते. १५२१ मध्ये त्याचे शिर उडवले गेले. ब्रँडनपासून मात्र गादीला धोका नव्हता. राजाचा त्याच्यावरचा विश्वास एका अपघातातही दिसला. १० मार्च १५२४ रोजी त्याच्याशी झालेल्या झुंजीत हेन्री शिरस्त्राणाची झडप खाली ओढायला विसरला. लोक ओरडत होते, पण ब्रँडनला ना दिसत होते ना ऐकू येत होते. त्याचा भाला राजाच्या शिरस्त्राणावर फुटला आणि आत ठिकऱ्या उडाल्या. दोष आपलाच, असे हेन्रीने सर्वांदेखत सांगितले.

मर्जीची किंमत मनाविरुद्धच्या कामांतूनही चुकवावी लागे. राजाने टाकलेल्या कॅथरिन राणीबद्दल मेरीला माया होती. तरी डिसेंबर १५३३ मध्ये कॅथरिनला दुसरीकडे हलवायला ब्रँडनलाच बकडनला जावे लागले. राणीने खोलीचे दार आतून लावून घेतले. दार फोडायची हिंमत झाली नाही आणि तो रिकाम्या हाताने परतला. मेरी त्याच वर्षी जूनमध्ये वारली होती. त्यानंतर काही महिन्यांतच, जवळपास पन्नाशीच्या ब्रँडनने आपल्या पालकत्वाखालच्या चौदा वर्षांच्या कॅथरिन विलबीशी लग्न केले. ती त्याच्या मुलाला नेमलेली वधू होती, शिवाय मोठी वारसदार. पालकत्वाचा हक्क हा त्या काळी सरळ कमाईचा मार्ग होता, आणि मुलीच्या इच्छेला त्यात जागा नव्हती.

१५३६ मध्ये लिंकनशरचे बंड मोडायला राजाने त्यालाच धाडले. नंतर त्याला सफोकमधल्या जमिनी सोडून त्या अस्वस्थ परगण्यात बस्तान हलवावे लागले. १५४४ मध्ये बुलोनच्या वेढ्यात त्याने सैन्याचे नेतृत्व केले. २२ ऑगस्ट १५४५ रोजी गिल्डफर्ड येथे तो वारला. हेन्रीने स्वखर्चाने त्याचे दफन विंझरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये केले. १५५१ मध्ये त्याचे दोन्ही मुलगे घामाच्या रोगाच्या साथीत एकाच दिवशी दगावले आणि सफोकची पदवी जावई हेन्री ग्रे याच्याकडे गेली. १५५४ मध्ये राजद्रोहाबद्दल ग्रेचा शिरच्छेद झाला. त्याची मुलगी जेन, म्हणजे ब्रँडनची नात, नऊ दिवसांची राणी ठरून त्याआधीच काही दिवस मारली गेली होती.