गवंडी गेला म्हणजे घर कम्प्लीट झालं का?

मंडळी, मागच्या वेळी प्रश्न आला होता: फुल, होल, फिनिश्ड, कम्प्लीट, सगळ्यांना मराठीत 'पूर्ण'च म्हणायचं का? नाही. हंडा काठोकाठ, तो फुल. भाकरी मोडली नाही तोवर होल, म्हणजे आपली अख्खी. इथवर सोपं आहे.

गफलत पुढच्या जोडीत होते. फिनिश्ड म्हणजे काम संपलं, गवंडी गेला. कम्प्लीट म्हणजे जे जे असायला हवं ते सगळं आहे, काही उणं नाही. इंग्रज माणूस कधी 'संपलं' या अर्थानंही कम्प्लीट म्हणतो, आणि बिल्डरचं तिथंच फावतं! इथं मस्तगडात फ्लॅट बघायला गेलात, रंग लागलाय, दारं बसलीत, तो म्हणणार, 'कम्प्लीट आहे'. अहो, ते नुसतं फिनिश्ड. २०१६ च्या रेरा कायद्यात कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला, हा प्रकल्प मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा सक्षम प्राधिकरणाचा दाखला आहे. राहायला जायची परवानगी मात्र भोगवटा प्रमाणपत्रानं मिळते. पाणी, सांडपाणी, वीज यांची सोय त्याच्या व्याख्येतच आहे. दोन्ही कागद मागून घ्या.

'टोटल' राहिलं, ते पुढच्या वेळी.