तुझं हृदय झोका घेतं!

दोस्ता, पैज लावायची? तुला वाटतं, शांत बसल्यावर आपलं हृदय घड्याळासारखं चालतं. धक्, धक्, धक्! दर दोन ठोक्यांमध्ये अगदी तेवढाच वेळ. हो ना?

साफ चूक! ठणठणीत हृदय घड्याळासारखं चालतच नाही. ते घडीत भरभर पळतं, घडीत रेंगाळतं. आणि तसं करतं, हीच तर आनंदाची गोष्ट!

चल, आत्ताच बघू. मेहरूण तलावाच्या काठावर बस, नाहीतर घरच्या ओट्यावर. धावून आलेलं चालणार नाही हं, आधी दम जिरू दे. आता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकव. अंगठा नको! त्यालाही जाणवण्याजोगी नाडी असते, ती मध्येच लुडबुड करते.

सापडली टुकटुक? छान! आता हळूच श्वास आत घे. मग सावकाश सोड. पुन्हा एकदा. लागला पत्ता?

श्वास आत जाताना ठोके जरा घाईत पडतात. श्वास बाहेर येताना ते सुस्तावतात! जन्मल्यापासून तुझ्या छातीत हे चालू आहे, आणि कोणी सांगितलं का तुला? जर्मनीतल्या कार्ल लुडविग या शास्त्रज्ञांनी १८४७ साली प्राण्यांच्या नाडीची रेघ फिरत्या कागदावर उमटवली. तेव्हा त्यांना हीच गंमत कागदावर दिसली होती.

पण असं होतं कशामुळे?

मेंदूच्या तळापासून एक लांबलचक नस निघते. तिचं नाव व्हेगस. ती हृदयाला भेटते, फुप्फुसांना भेटते, थेट पोटापर्यंत जाते. तिचं हृदयाजवळचं काम सायकलच्या ब्रेकसारखं. ओळख बघू, हा ब्रेक नसता तर काय झालं असतं? मोठ्या माणसाचं हृदय नुसतं बसल्या बसल्याही मिनिटाला शंभरेक वेळा धडधडलं असतं! ब्रेक आहे म्हणून ते सत्तरच्या आसपास राहतं. श्वास आत घेताना मेंदू हा ब्रेक थोडा सैल सोडतो. श्वास सोडताना पुन्हा दाबतो.

आता ऐक हं, खरी जादू पुढेच आहे!

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. त्यासाठी मुठीत मावणारं एक यंत्र मिळतं. त्याला म्हणतात बायोफीडबॅक यंत्र. बोट त्याच्या खाचेत ठेवायचं. आत इवलासा दिवा असतो आणि प्रकाश मोजणारा एक डोळा. ठोका पडला की बोटाच्या टोकाशी थोडं जास्त रक्त येतं. ते थोडा जास्त प्रकाश गिळतं. झालं! यंत्राला कळलं, ठोका पडला. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला चिमटा लावत होते, आठवतं? तुला नसेल आठवत, तर आईला विचार. तीच युक्ती इथेही आहे.

हे यंत्र प्रत्येक दोन ठोक्यांमधला वेळ मोजतं. मग पडद्यावर रेघ काढतं. ठोके भरभर, की रेघ वर. ठोके सावकाश, की रेघ खाली. टेकड्याच टेकड्या! काही यंत्रांत टेकडीच्या माथ्यावर छोटी खूणही उमटते. ती म्हणते, आता श्वास सोड!

उद्या गणिताचा पेपर आहे. पोटात गोळा आलाय. अशा वेळी श्वास कसा होतो? उथळ आणि घाईघाईचा. आणि पडद्यावर? टेकड्या बुटक्या होतात, वेड्यावाकड्या होतात. मग लांब, शांत श्वास सुरू केला की त्या डोळ्यांदेखत उंच आणि गोल व्हायला लागतात. आपल्याच पोटातली भीती ओसरताना दिसते! मला तर हे फारच भारी वाटतं.

सगळ्यांत उंच टेकडी कधी येते, सांग बघू? मोठ्या माणसांनी मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की! म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. मुलांना थोडा लवकरचा श्वास जमतो, तोही चालतो.

दहाच सेकंद का? आखाजीचा झोका आठव! निंबाला दोर बांधलाय आणि तू झोका देण्यासाठी मागे उभं आहेस. कधीही ढकललं तर झोका अडखळतो. नेमका मागे येऊन परत निघाला की हलकासा धक्का द्यायचा. मग बघ, आभाळाला भिडतो! आपल्या रक्ताच्या दाबालाही असाच झोका असतो. दाब वाढला की मानेतल्या रक्तवाहिनीतून मेंदूला निरोप जातो. मेंदू हृदयाला हळू करतो. पण दाब खाली यायला पाचेक सेकंद लागतात. मग उलटा निरोप, पुन्हा तेवढाच वेळ. झाले की दहा सेकंद! त्याच तालात श्वास घेतला, की प्रत्येक श्वास झोक्याला बरोब्बर वेळेवर धक्का देतो.

२००१ साली इटलीतल्या लुचानो बर्नार्डी या डॉक्टरांनी लोकांना चर्चमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला सांगितली. मग 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वास किती झाले? मिनिटाला सुमारे सहा! देश वेगळे, शब्द वेगळे, ताल तोच!

आणि श्वास यंत्रांनी मोजण्याच्या कामात आपल्या खानदेशात राहून गेलेले एक शिक्षक फार पुढे होते, माहीत आहे? अमळनेरला शिकवणारे जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले. योगाने शरीरात काय होतं, हे नुसतं ऐकून त्यांचं समाधान होईना. त्यांनी क्ष-किरणांनी पोटाच्या आत पाहिलं, रक्तदाब मोजला, प्राणायामात किती प्राणवायू लागतो तेही मोजलं. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. शंभर वर्षं झाली, आणि ते काम तिथे अजून चालू आहे!

तुझ्याकडे यंत्र नाही? नसू दे. दोन बोटं आहेत की! श्वास कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. गरगरलं तर थांबायचं. भीती रोजच वाटत असेल तर मात्र आईबाबांना सांगायचं, गरज पडली तर डॉक्टरांनाही.

आणि हो, संध्याकाळी आजोबांची नाडीही बघ. त्यांच्या ठोक्यांतला हा फरक बोटांना जेमतेमच कळेल. तुझा मात्र झटकन कळतो. कारण ही टेकडी लहानपणी खूप उंच असते, वय वाढलं की बुटकी होत जाते. या खेळात तू आजोबांच्याही पुढे!