बांबूच्या खोल्या, भाडं माफ

ऑनलाइन बाजारात हल्ली कीटकांची हॉटेलं मिळतात. लाकडी घरकुल, वर लाल छप्पर, एका कप्प्यात पाइनची फळं, दुसऱ्यात भुसा, मध्ये नावापुरते चार बांबू. दिसायला झकास, भेट द्यायलाही छान. किडे मात्र त्या चार बांबूंकडेच वळतात. बाकीचा पसारा माणसांच्या हौसेसाठी. तेव्हा पैसे वाचवा. वीतभर लांबीचे बांबूचे तुकडे, थोडी सुतळी आणि टांगायला एक छज्जा, एवढ्यात काम भागतं. आता मुक्कामाला कोण कोण येतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

पोळं लागणार नाही

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी एवढंच सांगा. आग्या, सातेरी, फुलोरी या एकत्र कुटुंबातल्या माश्या. करंगळीहून बारीक नळीत त्यांचं काय काम? पण जगात माश्यांच्या २० हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्याने संसार करतात. पोळं नाही, मधाचा साठा नाही, कामकरी माश्यांची फौज नाही. प्रत्येक मादी आपल्या घरची राणीही आणि मोलकरीणही. राखायला मधच नसल्यामुळे अंगावर धावून येण्याची खुमखुमीही नाही. चिमटीत पकडलीत तर डंख करेल. नराला तर नांगीच नसते.

गुलाबाचं पान कुणी कापलं?

पानाची कड कंपासने आखून कापल्यासारखी अर्धगोल गेली असेल तर फवारणीचा पंप जागेवर ठेवा. ती अळी नव्हे, लीफकटर माशी. पानाच्या कडेवर बसून ती जबड्याने कापत कापत गोल फिरते. तुकडा सुटायच्या बेतात आला की पंख आधीच सुरू करते आणि तो पायांत धरून, पोटाखाली दुमडून, थेट बांबूत शिरते. लांबट तुकडे भिंतींसाठी, गोल तुकडे झाकणासाठी. पानांची पुडी तयार झाली की तिच्यात पराग आणि मकरंदाचा लाडू, त्यावर एकच अंडं, वर झाकण. मग लगेच तिला चिकटून पुढची खोली.

पराग ती पायांवर आणत नाही, पोटाखालच्या केसांत कोरडाच भरून आणते. वाटेत सांडलवंड भरपूर होते आणि ती फुलांच्या पथ्यावर पडते. आपल्या तुरीच्या फुलांवर याच गोत्रातल्या माश्या सतत दिसतात.

आत मुली, दाराशी मुलगे

अंडं फलित केलं तर मुलगी, नाही केलं तर मुलगा. हा निर्णय आई स्वतः घेते, खोलीगणिक. नळीच्या तळाशी मुली आणि तोंडाशी मुलगे अशी तिची मांडणी. मुलगे आधी बाहेर पडतात आणि मुलींची वाट बघत आसपास घिरट्या घालतात. एखाद्या पक्ष्याने नळीत चोच घातलीच तर पहिला बळीही त्यांचाच. नळी आखूड असली की मुलग्यांचाच भरणा होतो, आणि पुढची पिढी वाढवायला मुली उरत नाहीत. विकतच्या हॉटेलांवर माझा खरा राग आहे तो यासाठी. लाल छप्पर परवडलं, आखूड नळ्या नकोत. नळी १५ सेंटिमीटर खोल हवीच.

लसूणघासीचा फटका

लसूणघासीचं फूल मोठं खट्याळ. माशी आत शिरली की त्यातला दांडा स्प्रिंगसारखा उसळून तिला ठोसा देतो. मधमाशी दोनचार फटक्यांत शहाणी होते आणि बाजूने मकरंद चोरायला शिकते; परागीभवन राहतं बाजूला. लीफकटर मात्र ठोसे खात काम करते. म्हणून अमेरिका आणि कॅनडातले लसूणघासीचे बीजोत्पादक भोकं पाडलेले ठोकळे शेतात मांडून या माश्या पाळतात. जपानात आओमोरीच्या सफरचंदाच्या बागांत १९४० च्या दशकापासून नळ्यांच्या जुड्या टांगून दुसऱ्या एका एकट्या माशीकडून हेच काम करून घेतात.

कुंभारणीचं बाळंतपण

टोरोंटोत संशोधकांनी तीन वर्षं सुमारे ६०० हॉटेलं टांगून पाहिली. दरवर्षी जवळपास तीन-चतुर्थांश हॉटेलांत गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली मंडळी उतरली. दचकू नका, झुंडीने राहणाऱ्या त्या पिवळ्या गांधीलमाश्या नव्हेत, याही एकट्याच. आपली कुंभारीण यातलीच. स्विचबोर्डाच्या भोकात, खिडकीच्या चौकटीत, कुलपात चिखल भरून जाणारी. तिला बांबू दिलात तर कुलूप वाचेल.

तिच्याइतकी काटेकोर आई क्वचितच सापडेल. आधी ती खोलीच्या छताला एका बारीक धाग्याने अंडं लटकवते. मग अळ्या आणून आत कोंबते. डंखाने लुळ्या केलेल्या, पण जिवंत, म्हणजे बाळ बाहेर येईपर्यंत शिधा ताजा. वळवळणाऱ्या अळ्यांचा धक्का अंड्याला लागू नये म्हणून ते वर टांगलेलं. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्यांनी तर हिला साडीचोळी द्यायला हवी.

फ्रान्सचे जाँ-आन्री फाब्र १८७९ मध्ये सेरिन्याँ गावी राहायला गेले आणि तिथल्या ओसाड बागेत असल्या कीटकांमागे त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. आतलं दिसावं म्हणून माश्यांसाठी वेताच्या नळ्यांबरोबर काचेच्या नळ्याही त्यांनी मांडल्या होत्या. कीटक हॉटेलच ते, फक्त तेव्हा कुणी तसं म्हणत नव्हतं.

झुरळाला चालवत नेणारी

झगमगीत हिरवी-निळी, लाल मांड्यांची एक पाहुणी कधी फटीत शिरताना दिसली तर हाकलू नका. ती झुरळाला दोन डंख मारते. पहिल्याने त्याचे पुढचे पाय घटकाभर लुळे पडतात, दुसरा थेट मेंदूत. झुरळ चालू शकतं, पण आपणहून चालायची इच्छा संपते. मग ती त्याच्या मिशा अर्ध्यावर तोडते, उरलेलं टोक तोंडात धरते आणि तिप्पट मोठ्या झुरळाला त्याच्याच पायांनी बिळापर्यंत चालवत नेते. तिथे त्याच्यावर अंडं. पुढचं जेवताना वाचू नये.

फुकटेही येतात. तेवढ्याच चमकदार रंगाच्या कोकीळ-गांधीलमाश्या दुसऱ्याच्या खोलीत चोरून अंडं घालतात. पकडल्या गेल्या तर अंगाचं मुटकुळं करून पडून राहतात. पाठ इतकी कडक की डंख चालत नाही.

भुंग्याला खोली नको

काळा भुंगा स्वतःच सुतार. त्याला जाड, बंद, वाळका कळक द्या. दार तो पाडून घेईल. वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतो, भुंगा फूल धरून गुणगुणतो तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही.

आता हॉटेलाच्या आकाराविषयी. जगातल्या सर्वांत मोठ्या कीटक हॉटेलाचा विक्रम २०२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला: जवळजवळ २०० घनमीटर. आपल्याला एवढा आटापिटा नको. छोट्या जुड्या वेगवेगळ्या ठिकाणी टांगल्या तर परजीवी आणि बुरशी सगळ्यांना एकदम गाठत नाहीत.

बांधताना

बांबू पेराच्या मागे कापा, म्हणजे मागचं तोंड आपोआप बंद राहतं. पोकळी ३ ते १२ मिलिमीटर, सगळ्या मापांची मिसळ. तोंडाशी पॉलिश पेपर फिरवा, कुसांनी पंख फाटतात. काच-प्लास्टिकच्या नळ्या नकोत, ओल धरून आत बुरशी होते. शंकासुराच्या छाटलेल्या काड्या फेकू नका. त्यांचा मऊ गर पोखरून राहणाऱ्या चिमुकल्या माश्या आहेत. युरोपातली पुस्तकं दक्षिणेकडे तोंड करायला सांगतात, कारण तिकडे उन्हाची चणचण. आपण पूर्वेकडे करावं. एप्रिलमधलं पश्चिमेचं ऊन अळ्या भाजून काढेल. पावसाची झड लागणार नाही अशा जागी, छातीएवढ्या उंचीवर, वाऱ्याने हलणार नाही असं घट्ट बांधा. टांगायच्या तारेवर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद. रिकाम्या झालेल्या नळ्या दरवर्षी बदला. विकतच्या हॉटेलांतले पेंढ्याचे कप्पे कडाक्याच्या थंडीत दडून बसणाऱ्या किड्यांसाठी असतात. आपल्याकडे त्यात बहुधा झुरळंच येतील. त्यापेक्षा बागेच्या कोपऱ्यात वाळल्या पानांचा ढीग आणि उपडी फुटकी कुंडी असू द्या. वाणी, गोम, सापसुरळी आणि भेक यांची सोय तिथे होते.

आणि एक. एकट्या माश्यांपैकी सुमारे ७० टक्के जातींना बांबू लागतच नाही. त्या जमिनीत बीळ करतात, आणि त्यांना हवी असते फक्त उघडी, न खणलेली माती. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये सगळं आवार पेव्हर ब्लॉकने मढवायचा विषय निघाला की एक कोपरा सोडा म्हणून हात वर करा.