सोनोग्राफी पोटाची, गोष्ट गव्हाची

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आधी गरोदरपण आठवतं. पण सतत जुलाब, पोटफुगी, वजन न वाढणं यासाठीही डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात. या त्रासामागे कधी कधी सीलिएक नावाचा आजार असतो.

गहू आणि जव यांत ग्लुटेन असतं. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळेच. सीलिएक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. अन्नरस शोषणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांची उंची खुंटते, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, मुलीची पाळी लांबते. आणि ‘नीट खातच नाही’ म्हणून घरात बोल तिलाच लागतो.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे लहान मुलांचीही पुन्हा करता येते. या आजारात लहान आतड्याची वेटोळी फुगून पाण्यानं भरलेली दिसू शकतात, पोटातल्या गाठी मोठ्या दिसू शकतात. पण अशा गाठी मुलांमध्ये साध्या जंतुसंसर्गानंही वाढतात. म्हणून रिपोर्ट वाचून घाबरू नका. तो नॉर्मल आला तरी आजार नाहीच, असंही धरू नका. सोनोग्राफीनं संशय येतो. निदानासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी लागते आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तपासण्या होईपर्यंत आपल्या मनानं चपाती बंद करू नका. गहू थांबला की रक्तातल्या खुणा कमी होतात आणि आजार असूनही सापडत नाही.

निदान झालं की मग गहू आयुष्यभर बंद. खपलीसुद्धा नाही. रवा, मैदा, शेवया, गहू घातलेलं सातूचं पीठही नाही. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारीही चालत नाही. चाकणला कंपनीत जाणाऱ्याला घरचा डबा द्या. आपल्याकडे भाकरी आहे, नाचणी आहे, मावळचा इंद्रायणी तांदूळ आहे, एकादशीची भगर आणि राजगिराही आहे.

पथ्य सुरू झालं की वजन, हिमोग्लोबिन आणि टीटीजी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा. गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफीही पुन्हा करतात. आतड्याची सूज उतरलेली दिसली तर चांगली खूण. त्रास पुन्हा सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवा, आणि गहू कुठून पोटात जातोय तेही शोधा. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनीही रक्त तपासून घ्यावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या लेकराचं रक्त गोळ्यांनीही वाढत नाही? आशाताईंना सोबत घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘सीलिएकची रक्ततपासणी करायची का?’ खर्चाची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज द्या. लेकराच्या तब्येतीसाठी गटाचा पैसा कामी यायलाच हवा.