डावी बाजू वर

मांगा किंवा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी चित्रकथा आणि अ‍ॅनिमेशनपट, यांतली पात्रं घेऊन अमेरिकेतल्या वा युरोपातल्या चाहत्यांनी चित्रं काढली, कथा लिहिल्या, की एक आक्षेप हमखास येतो: परक्या संस्कृतीला हात लावणं हाच मुळी अपमान. हे खरं नाही. खुद्द जपानमध्ये चाहत्यांच्या निर्मितीची परंपरा दांडगी आहे. टोकियोत डिसेंबर १९७५मध्ये सुरू झालेल्या कॉमिकेट मेळाव्यात चाहते इतरांच्या पात्रांवर बेतलेल्या स्वतःच्या पुस्तिका, म्हणजे दोजिन्शी, राजरोस विकतात. क्लॅम्प हा नामवंत चित्रकर्तींचा गट याच वाटेने पुढे आला. निव्वळ हात लावण्यात अपमान नाही. प्रश्न आहे तो निष्काळजीपणाचा.

किमोनोच पाहा. ‘सुंदर दिसला की झालं’ असं अनेकांना वाटतं. पण किमोनो घालताना, बाई असो वा पुरुष, स्वतःची डावी बाजू उजवीवर येते. उलट नेसवतात ते मृतदेहाला. चाहत्याने चित्र आडवं उलटवलं किंवा आरशातला फोटो समोर ठेवून रेखाटलं, तर हसरी नायिका नकळत अंत्यविधीच्या पोशाखात दिसते. ही चूक प्रकाशकांनीही केली आहे. डावीकडून वाचता यावं म्हणून इंग्रजी आवृत्त्यांची पानं पूर्वी सर्रास उलटवून छापत. त्यात किमोनो उलटे झाले आणि सामुराईंच्या तलवारी उजव्या कमरेला गेल्या. २००२पासून टोकियोपॉप या प्रकाशनसंस्थेने मूळ दिशेची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर आणली आणि वाचकांनी ती आनंदाने उजवीकडून वाचली. वाचकाला झेपणार नाही, ही भीती फोल ठरली.

मंजी हे स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं की नाझी, हाही असाच समज. जपानी नकाशांवर ते बौद्ध मंदिराची खूण आहे. उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या घरांत हे समजावून सांगावं लागणार नाही. ‘टोकियो रिव्हेंजर्स’ या अ‍ॅनिमेच्या परदेशी प्रक्षेपणात मात्र ते झाकलं गेलं. याउलट, उगवत्या सूर्याचे लाल किरण अनेक पाश्चात्त्य चाहते निव्वळ ‘जपानी नक्षी’ म्हणून पार्श्वभूमीला भरतात. कोरिया आणि चीनमध्ये त्यातून जपानी साम्राज्याच्या सैन्याची आठवण जागी होते. ‘डीमन स्लेयर’ या अ‍ॅनिमेचा नायक तांजिरो याच्या कानातल्यांवरची नक्षी काही परदेशी आवृत्त्यांत बदलावी लागली ती त्यामुळेच.

मग जपानी लोकांना विचारलं की निकाल लागला? तसंही नाही. २०१५मध्ये बोस्टनच्या कला संग्रहालयात चित्रकार मोनेच्या किमोनोतल्या स्त्रीच्या चित्रासमोर प्रेक्षकांना किमोनो घालून पाहता येत असे. आशियाई-अमेरिकन तरुणांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली, तर काही जपानी मंडळी उपक्रमाच्या बाजूने उभी राहिली. परदेशात अल्पसंख्य म्हणून वाढताना ज्यांनी चेष्टा सोसली, त्यांचं दुखणं टोकियोत राहणाऱ्याला जाणवेलच असं नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. डोळे ओढून चिकटपट्टी लावणं किंवा कातडीला रंग फासणं मात्र कॉस्प्लेमध्ये, म्हणजे पात्राचा वेश करताना, कुठल्याच बाजूने समर्थनीय नाही. पात्र ओळखू येतं ते केसांवरून आणि वेशावरून.

सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती चाहते कौतुक समजून करतात: जपानी चित्रकाराचं चित्र उचलून आपल्या पानावर टाकणं. पिक्सिव्ह या चित्रांच्या जपानी संकेतस्थळावर कितीतरी चित्रकार परवानगीशिवाय चित्र इतरत्र टाकू नका असं स्पष्ट लिहितात. खाली नाव दिल्याने ती विनंती पाळली जात नाही. विचारावं, उत्तर आलं नाही तर चित्र तिथेच राहू द्यावं आणि फक्त दुवा द्यावा.