खरेदीखत झालं, मग उताऱ्यावर नाव का नाही?

२०११च्या जनगणनेच्या यादीत उत्तर कन्नड जिल्ह्यात 'सुपा' नावाचा तालुका सापडतो, जोयडा सापडत नाही. बसच्या पाटीवर मात्र जोयडा असतं, सुपा नसतं. काळी नदीवर धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कॉम्प्युटरला ते ठाऊक नसतं. एका खात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सुपा' असेल आणि दुसऱ्यात 'जोयडा', तर मधे बसून कुणीतरी 'अरे, हे तेच' असं सांगायला हवं. त्या मधल्या प्रोग्रामला कनेक्टर म्हणतात. एकीकडचा निरोप घ्यायचा, दुसरीकडे समजेल अशा साच्यात बसवायचा आणि पोचवायचा, एवढंच त्याचं काम. कंपन्यांमध्ये तो विक्री, गोदाम आणि हिशेब यांच्यामध्ये बसतो. आपल्याकडे तो बसलाय जमीन आणि अनुदान यांच्यामध्ये, म्हणून त्याच्याबद्दलचे गैरसमज आपल्याला महागात पडतात.

"आता सगळं एकाच कॉम्प्युटरात आहे"

नाही. उतारा, म्हणजे पहाणी, 'भूमी'त असतो. महसूल खात्याने २०००च्या सुमारास हे काम उभं केलं. कर्नाटकातल्या सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे त्यात चढवले गेले आणि तलाठ्याच्या हातची पहाणी बंद झाली. खरेदीखताची नोंदणी होते ती 'कावेरी'त. ते नोंदणी व मुद्रांक खात्याचं सॉफ्टवेअर, त्याची दुसरी आवृत्ती २०२३मध्ये आली. जमिनीचा तुकडा विकायचा तर आधी ११-ई नकाशा लागतो, तो भूमापनवाल्यांच्या 'मोजिणी'तून येतो. शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, म्हणजे एफआयडी, आणखी वेगळ्या ठिकाणी, 'फ्रूट्स'मध्ये. खाती वेगळी, कपाटं वेगळी, किल्ल्याही वेगळ्या. फक्त कपाटांमध्ये निरोप्या फिरतो.

हे निरोप दोन जातींचे असतात. त्यांतला फरक एकदा कळला की निम्मे घोटाळे तिथेच उलगडतात. इंग्रजी शब्दांची गरजही नाही, कारण सीमाभागातल्या महसुली बोलीत दोन्ही शब्द तयार आहेत: विचारणा आणि वर्दी.

विचारणा म्हणजे प्रश्न. कावेरी भूमीला विचारते, "या सर्व्हे नंबरावर नाव कुणाचं? क्षेत्र किती?" आणि उत्तर येईपर्यंत थांबते. उत्तर आलं नाही तर पुढचं पान उघडत नाही. वर्दी म्हणजे घडलेल्या गोष्टीची खबर. "अमक्या तारखेला अमक्याने तमक्याला विकली." खबर दिली, पोच घेतली, कावेरी आपल्या पुढच्या कामाला लागली. त्या खबरीचं पुढे काय करायचं, हे खबर घेणारा ठरवतो.

ही वर्दी कॉम्प्युटरने आणलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. १९६४च्या कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या कलम १२८मध्येच आहे की दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने महसूल खात्याला कळवायचं. त्या कळवण्याच्या चिठ्ठीला कचेरीत 'जे-स्लिप' म्हणत, अजून म्हणतात. पूर्वी ती गठ्ठ्यात बांधून जायची, आता तारेवरून जाते. निरोप्याचे पाय बदलले, निरोप तोच.

"नोंदणी झाली म्हणजे नाव चढलं"

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. माणूस खरेदीखताची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतो, त्यावर शिक्का, फोटो, अंगठा सगळं असतं. उतारा काढला तर जुन्याच मालकाचं नाव. मग तलाठ्याने अडवलं, कॉम्प्युटरने खाल्लं, असे तर्क सुरू होतात.

खरं म्हणजे कावेरीची वर्दी भूमीत पोचलेलीही असते. पण वर्दी म्हणजे निकाल नव्हे. वर्दी आली की भूमीत फेरफाराचं काम सुरू होतं: त्याला नंबर पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत असते. कुणी हरकत घेतली तर प्रकरण सुनावणीला जातं. हरकत नसेल तर फेरफार मंजूर होतो आणि त्यानंतरच नवा उतारा निघतो. इथे मुद्दाम जागा सोडलेली आहे. वर्दी येताच उतारा बदलला असता, तर भावाने भावाला न विचारता विकलेली जमीन हरकतीला वाव न राहता दुसऱ्याच्या नावावर गेली असती. जोयड्यासारख्या भागात, जिथे एका उताऱ्यावर पाच-सात नावं सहज असतात, ही सवड असलेली बरी.

म्हणून "नाव का नाही?" असं विचारू नका. "फेरफाराचा नंबर पडला का, आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला खांदे उडवले जातात, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

"सर्व्हर डाऊन होता, म्हणजे अर्ज बुडाला"

पावसाळ्यात इथे लाइट जाते, मागोमाग रेंज जाते. त्यामुळे 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आपल्या मराठीत पक्के रुजलेत. पण त्यांचा अर्थ दर वेळी एक नसतो. विचारणा अडकली तर काम खरोखर जागच्या जागी थांबतं, लाइन आल्यावर परत विचारायचं. वर्दी अडकली तर ती रांगेत उभी राहते. पलीकडून पोच येईपर्यंत कनेक्टर ती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

मग एकच वर्दी दोनदा पोचली तर? दोन फेरफार होतील का? नीट बांधलेल्या यंत्रणेत होत नाहीत. प्रत्येक वर्दीला तिचा स्वतःचा क्रमांक असतो आणि घेणारा पाहतो, "ही आधीच आलेली आहे," आणि बाजूला ठेवतो. लग्नपत्रिका टपालानेही आली आणि हातानेही आली, म्हणून कुणी दोनदा जेवायला जात नाही.

घोळ यंत्र घालत नाही, घाई घालते. वाट पाहून कंटाळलेला माणूस नवा अर्ज भरतो. त्याला नवा क्रमांक मिळतो. कनेक्टरच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी बाब असते, आणि एकाच कामाची दोन प्रकरणं एकमेकांच्या पायात येतात. पोचपावतीचा क्रमांक हातात असेल तर दुसरा अर्ज भरू नका. क्रमांक हातात नसेल तर पहिल्यांदा तो मागा.

"कॉम्प्युटर नावं जुळवून घेईल"

'वेळीप' हे आडनाव घ्या. आधारवर ते इंग्रजीत चार-पाच अक्षरांत बसतं, तिथे 'ळ' आणि 'ल' यांत फरक उरत नाही. तेच इंग्रजीतून कानडीत परत आलं की 'वेलीप' होऊ शकतं. उताऱ्यावर कानडीत मूळ 'ळ' असतो. माणसाला एकच माणूस दिसतो, यंत्राला दोन. गाव, तालुका यांच्यासाठी ठरलेले सांकेतिक क्रमांक असतात, म्हणून सुपा आणि जोयड्याची जोडी लावता येते. माणसाच्या नावाला असा सोपा तोडगा नाही. कनेक्टर साचा बदलतो, मजकूर सुधारत नाही. वडिलांचं नाव चुकीचं गेलं असेल तर तो ती चूक इमानदारीने पुढच्या चार कपाटांत पोचवतो. दुरुस्ती मुळात, जिथे चूक आहे त्या खात्यातच करावी लागते.

"खाते नंबर दिला होता, पैसे दुसऱ्याच बँकेत गेले"

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,०००च्या तीन हप्त्यांत येतात. आधारवरून जाणाऱ्या पैशांचा मार्ग नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या एका तक्त्यातून जातो. त्या तक्त्यात तुमचा खाते नंबर नसतोच. असते ती आधार क्रमांक आणि बँक यांची जोडी, तीही शेवटी जोडलेल्या बँकेची. मागच्या वर्षी दांडेलीत नवं खातं उघडताना आधार जोडण्याच्या कागदावर सही केली असेल, तर पैसे तिकडे वळतात. ते चोरीला गेलेले नसतात. अर्जात लिहिलेला नंबर या वाटेवर कुणी वाचतच नाही.

"आजोबा गेले, दाखला निघाला, आता जमीन आपोआप आमच्या नावावर"

ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. विक्री झाली की नोंदणी होते, नोंदणी झाली की वर्दी सुटते. मृत्यूनंतर जमिनीची कुठलीच नोंदणी होत नाही, त्यामुळे कावेरीतून वर्दी सुटत नाही. मृत्यूचा दाखला निघतो वेगळ्या ठिकाणी, आणि तेवढ्याने उताऱ्यावरचं नाव हलत नाही. जंगलातल्या वाड्यांवर आजही खापरपणजोबांच्या नावाचे उतारे सापडतात आणि त्या उताऱ्यावर ना कर्ज मिळतं, ना एफआयडी धड होतो.

इथे निरोप्या वारसांनाच व्हावं लागतं. त्याच कलम १२८प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळालेल्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची असते. इथल्या बोलीत अशा वारसनोंदीला पौती खातं म्हणतात. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि उतारा घेऊन नाडकचेरीत जा, अर्ज द्या, आणि पोचपावतीचा क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.